वेठीस धरलेले घोडे

मार्च १९९९ मध्ये ब्रिटनमधील दूरचित्रवाणीवर एका मिनिटाचा एक कृष्णधवल चित्रपट दाखवला जाऊ लागला. प्रथम एका पुरुषाचा राकट चेहरा दिसतो. समुद्राकडे डोळे लावून तो वाट पाहत असतो. मग ढोलाच्या ठोक्यांसारखे संगीत सुरू होते, चार गडी आपापल्या फळ्या घेऊन पाण्यात शिरतात आणि डोंगराएवढी एक लाट त्यांच्या अंगावर चालून येते. त्या लाटेच्या फुटत्या कडेतून एकाएकी शुभ्र घोडे उसळी घेतात. त्यांच्या आयाळी फेसाच्या, खूर फेसाचे; पाण्यातूनच ते घडतात आणि पाण्यातच विरतात. एकामागून एक गडी कोसळतो. एकटाच काय तो लाटेवर तरून किनाऱ्याला लागतो, मित्र त्याला मिठ्या मारतात आणि अखेरीस पडद्यावर एक पेला अवतरतो. पेल्यातले पेय काळे, वर पांढऱ्या फेसाचा जाड थर. 'गिनेस' या आयरिश बिअरची ही जाहिरात होती.

जोनाथन ग्लेझर हे तिचे दिग्दर्शक. ॲबट मीड व्हिकर्स बीबीडीओ या जाहिरातसंस्थेने ती करवून घेतली. लाटांचे चित्रण हवाई बेटांवर झाले, घोड्यांचे वेगळे झाले आणि दोन्ही चित्रणे लंडनमध्ये संगणकाच्या साहाय्याने एकजीव करण्यात आली. निवेदनात हर्मन मेल्व्हिल यांच्या 'मोबी डिक' (१८५१) या कादंबरीचे पडसाद आहेत. पुढे ब्रिटनमधील प्रेक्षकांच्या कौलात ही आजवरची सर्वोत्तम जाहिरात ठरली आणि या व्यवसायात येणाऱ्या तरुणांना ती आदर्श म्हणून दाखवली जाऊ लागली. कलेच्या दृष्टीने पाहता हा गौरव अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. स्वप्नातील अतार्किकता, जुन्या चित्राची भव्यता आणि छायाचित्राची प्रत्यक्षता यांचा इतका सहज मेळ क्वचितच साधतो.

तथापि ते घोडे आले कोठून, हा प्रश्न विचारल्याखेरीज या गौरवाचा हिशेब पुरा होत नाही.

फुटणाऱ्या लाटांच्या माथ्यावरील फेसाला इंग्रज खलाशी पूर्वापार 'पांढरे घोडे' म्हणत आले आहेत. या बोलीतल्या उपमेला वॉल्टर क्रेन या चित्रकाराने १८९२ साली देह दिला. 'नेपच्यूनचे घोडे' या त्यांच्या चित्रात आडव्या, लांबरुंद पटावर एक प्रचंड लाट वळते आहे आणि तिच्या कडेचे रूपांतर दौडत येणाऱ्या घोड्यांच्या रांगेत झाले आहे. जाहिरातीमागची प्रेरणा हे चित्र होते, ही गोष्ट जाहिरातीच्या इतिहासात नोंदलेली आहे. परंतु क्रेन कोण होते, हे त्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही.

क्रेन यांचा जन्म १८४५ चा. पोरवयात ते विल्यम लिंटन यांच्याकडे लाकडी ठसे कोरण्याची विद्या शिकले. लिंटन स्वतः चार्टिस्ट चळवळीतले, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या पिढीचे. बालकांच्या सचित्र पुस्तकांनी क्रेन यांचे नाव घरोघर पोहोचले. पण विल्यम मॉरिस यांच्या सहवासात ते समाजवादाकडे वळले आणि तेथेच राहिले. समाजवादी नियतकालिकांसाठी त्यांनी चित्रे काढली. १८९१ च्या मे दिनासाठी काढलेले 'श्रमाचा विजय' हे त्यांचे चित्र त्या काळच्या कामगार चळवळीचे जणू निशाणच झाले. नोव्हेंबर १८८७ मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात पोलिसांनी निदर्शकांवर हल्ला चढवला आणि पुढच्याच आठवड्यात जखमी झालेला आल्फ्रेड लिनेल हा सामान्य कारकून मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेसाठी मॉरिस यांनी गीत लिहिले आणि त्या पत्रकाचे मुखचित्र क्रेन यांनी काढले. पत्रकाची किंमत एक पेनी होती आणि जमलेले पैसे लिनेलच्या पोरक्या मुलांसाठी होते. हेच क्रेन १९०६-०७ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानचा प्रवास करून गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तकही लिहिले.

एका समाजवादी चित्रकाराचे घोडे शतकभराने बिअरच्या पेल्याला जुंपले जावेत, हा दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नाही. त्यामागे एक निश्चित अर्थव्यवहार आहे आणि तो आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचलेला आहे.

या व्यवहाराचे पहिले सूत्र अर्थशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत सापडते. एडवर्ड चेंबरलिन यांनी १९३३ साली मक्तेदारीयुक्त स्पर्धेचे विवेचन करताना उत्पादनखर्च आणि विक्रीखर्च यांत भेद केला. वस्तू गिऱ्हाइकाच्या गरजेला जुळावी म्हणून होणारा तो उत्पादनखर्च. गिऱ्हाईक वस्तूला जुळावे म्हणून होणारा तो विक्रीखर्च. सातू, हॉप्स, यीस्ट व पाणी एवढ्या सामग्रीवर बिअर तयार होते. गिनेसचा काळा रंग भाजलेल्या सातूचा आणि वरचा दाट फेस नायट्रोजन वायूचा. ही कृती दीर्घकाळ माहीत असलेली आहे. मोठ्या कारखान्यांच्या बिअरी चवीने एकमेकींच्या जवळ येतात, तेव्हा कंपन्यांना चवीवर झगडण्यासारखे फारसे उरत नाही आणि किमतीवर झगडणे कोणालाच परवडत नाही. अशा वेळी स्पर्धा वस्तूच्या बाहेर, गिऱ्हाइकाच्या मनात नेली जाते. सातू सगळ्यांचा सारखा असतो. घोडे मात्र ज्याचे त्याचे वेगळे असू शकतात.

गिनेसच्या बाबतीत तर वस्तूतला एक अडथळाच गुण म्हणून विकला गेला. पेला भरताना अर्ध्यावर थांबावे लागते, फेस स्थिरावू द्यावा लागतो. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे या विधीला ११९.५ सेकंद लागतात. घाईच्या वेळी गुत्त्यावर ताटकळणारा गिऱ्हाईक वैतागतो आणि पलीकडून भरणाऱ्या नोकराला त्याचा वैताग झेलावा लागतो. जाहिरातीने या ताटकळण्याचे तपश्चर्येत रूपांतर केले. किनाऱ्यावर डोळे लावून उभा राहिलेला पुरुष हा मुळात पेल्याची वाट पाहणारा गिऱ्हाईक. काळी लाट म्हणजे काळी बिअर आणि घोडे म्हणजे तिच्यावरचा फेस. पेल्यातले वादळ समुद्राएवढे करून दाखवले आहे, इतकेच. रचनेची ही चतुराई मान्य केलीच पाहिजे. पण या रूपांतरात पेला भरणारा नोकर कोठेच उरला नाही, हेही त्याबरोबर पाहिले पाहिजे.

दुसरे सूत्र अधिक महत्त्वाचे आहे. ते सत्यासत्याविषयीचे आहे. १९२९ साली गिनेसने ब्रिटनमध्ये आपली पहिली मोठी जाहिरात मोहीम सुरू केली, तेव्हा तिचे बोधवाक्य साधे होते: ही बिअर प्रकृतीला हितकर आहे. हा दावा चुकीचा असेल, पण तो दावा होता. डॉक्टर त्याला आव्हान देऊ शकत होते, कायदा त्याची चौकशी करू शकत होता. कालांतराने नियम कडक होत गेले. मद्याने आरोग्य सुधारते, पुरुषार्थ वाढतो, समाजात मान मिळतो किंवा स्त्रिया वश होतात असे सुचवण्यास ब्रिटनमधील जाहिरातींच्या नियमावल्यांनी मनाई केली. या मनाईने जाहिरातदार गप्प बसतील अशी अपेक्षा होती. त्यांनी स्वप्नाचा आश्रय घेतला. तंबाखूच्या बाबतीतही नेमके हेच घडले होते. सिगारेट ओढणारा देखणा तरुण दाखवणे ब्रिटनमध्ये अशक्य झाले, तेव्हा सत्तरीच्या दशकात 'बेन्सन अँड हेजेस'ने सोनेरी पाकिटाभोवती गूढ, अतिवास्तव चित्रे रचली आणि ऐंशीच्या दशकात 'सिल्क कट'ने कापलेल्या जांभळ्या रेशमाखेरीज काही दाखवलेच नाही.

स्वप्नाची सोय अशी की त्याच्याविरुद्ध फिर्याद करता येत नाही. लाटेतून घोडे निघत नाहीत, असा पुरावा कोणत्या न्यायालयापुढे ठेवायचा? 'ही बिअर प्याल्यास तू शूर होशील' असे जाहिरात म्हणत नाही. एक शूर पुरुष दाखवते, एक अद्भुत दाखवते, आणि मग पेला दाखवते. मधली जोडणी प्रेक्षकाने आपल्याच मनात करावयाची असते. आपणच केलेली जोडणी मनुष्य सहसा खोटी मानत नाही. असत्य विधानापेक्षा असत्य स्वप्न अधिक सुरक्षित असते, हा शोध जाहिरात व्यवसायाने लावला आणि त्या शोधासाठी त्याला चित्रकलेची गरज पडली.

या कामासाठी अतिवास्तववाद हाताशी यावा, हे इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. आंद्रे ब्रेताँ यांनी १९२४ साली अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा लिहिला, तो व्यापारी, हिशेबी बुद्धीच्या विरोधात मनाच्या मुक्तीची घोषणा म्हणून. १९२७ मध्ये या गटातील प्रमुख मंडळी फ्रान्सच्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाली. १९३० साली निघालेल्या त्यांच्या नियतकालिकाचे नावच 'क्रांतीच्या सेवेतील अतिवास्तववाद' असे होते. पुढे साल्व्हादोर दालींची धनलालसा पाहून ब्रेताँ यांनी त्यांच्या नावातील अक्षरांची उलथापालथ करून डॉलरांना हपापलेला असा अर्थ सुचवणारे नाव त्यांना दिले. दालींनी ते मनावर घेतले नाही. चॉकलेटच्या जाहिरातीत ते स्वतः झळकले. दुसऱ्या बाजूला रने माग्रित यांच्यासारख्या चित्रकाराला पोटासाठी अनेक वर्षे जाहिरातींची कामे करावी लागली. क्रांतीच्या सेवेतून बिअरच्या सेवेत, हा प्रवास एका पिढीत उरकला. स्वप्नांना मालक नसतो, असे ब्रेताँ यांना वाटत होते. मालक नसलेली वस्तू बाजारात सर्वांत आधी उचलली जाते, हे अर्थशास्त्र त्यांनी लक्षात घेतले नव्हते.

क्रेन यांच्या घोड्यांचेही तेच झाले. क्रेन १९१५ साली वारले. त्यांच्या चित्रांवरील स्वामित्वहक्काची मुदत १९९९ च्या फार पूर्वी संपली होती. म्हणजे हे चित्र कायद्याने सर्व समाजाचे झाले होते आणि ते वापरण्यात जाहिरातकर्त्यांनी कोणताही गुन्हा केला नाही. परंतु गावाच्या गायरानाभोवती कोणी कुंपण घालावे आणि नंतर त्या गायरानाची ओळखही कुंपणवाल्याच्या नावाने व्हावी, तसे येथे घडले. आज ते घोडे पाहिले की असंख्य माणसांना क्रेन आठवत नाहीत, समुद्रही आठवत नाही, बिअर आठवते. सार्वजनिक कल्पनाधनाचे खाजगी नाममुद्रेत रूपांतर झाले. कच्चा माल फुकट मिळाला आणि पक्क्या मालावर कंपनीचा शिक्का बसला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि त्याचा विचार प्रामाणिकपणे केला पाहिजे. मध्ययुगात धर्मपीठाने चित्रकारांना पोसले, नंतर राजांनी व सावकारांनी पोसले, आता कंपन्यांनी पोसले तर काय बिघडले? शिवाय जाहिरातींतून छायाचित्रकार, सुतार, रंगारी, संगीतकार यांना काम मिळते. ग्लेझर यांनी जाहिरातींत हात साफ केला आणि पुढे 'द झोन ऑफ इंटरेस्ट' (२०२३) सारखा आउश्वित्झच्या छायेतील निबर सुखवस्तूपणाची चिरफाड करणारा चित्रपट दिला. हे सर्व खरे आहे. तरीही एक फरक उरतो. पोसणाऱ्यांचा स्वार्थ पूर्वीही होताच. परंतु देवळातील चित्र देवासाठी काढले जाई आणि पाहणाऱ्याला ते फुकट पाहता येई. जाहिरातीतील चित्राचा खर्च मात्र पाहणाऱ्याकडूनच, पेल्यामागे थोडाथोडा, वसूल होतो. न पिणाराही त्यातून सुटत नाही, कारण जाहिरातीचा खर्च धंद्याचा खर्च म्हणून करपात्र नफ्यातून वजा होतो. म्हणजे प्रत्येक स्वप्नाचा काही भाग सरकारी तिजोरीने सोसलेला असतो. जनतेच्या पैशाने पोसलेल्या कलेविषयी जनतेने प्रश्न विचारू नयेत, असे म्हणता येणार नाही.

चित्रकला आणि बिअर यांचा संबंध काही जाहिरातवाल्यांनी प्रथम जोडलेला नाही. विल्यम होगार्थ यांनी १७५१ साली 'जिन लेन' आणि 'बिअर स्ट्रीट' ही जोडचित्रे प्रसिद्ध केली. जिनच्या गल्लीत उपासमार आणि मृत्यू, बिअरच्या रस्त्यावर भरभराट. एका अर्थी ती देशी बिअरची भलामणच होती. पण होगार्थ यांची नजर प्रामाणिक होती. बिअरच्या रस्त्यावर सगळे गुटगुटीत असताना गुत्त्याची पाटी रंगवणारा चितारी मात्र काटकुळा आणि फाटक्या कपड्यांत दाखवलेला आहे. बिअरची कीर्ती रंगवणाऱ्याच्या पदरात काय पडते, याची नोंद त्यांनी भलामणीतही चुकवली नाही.

एदुआर माने यांच्या १८८२ च्या 'फोली-बर्जेरमधील बार' या चित्रात मद्याच्या टेबलामागे एक तरुण नोकर स्त्री उभी आहे. टेबलावर बाटल्या आहेत आणि त्यांत 'बास' या इंग्रजी बिअरची लाल त्रिकोणाची खूण असलेली बाटली स्पष्ट ओळखू येते. हाच त्रिकोण १८७६ साली ब्रिटनमधील पहिली नोंदणीकृत व्यापारचिन्ह-मुद्रा ठरला होता. बाटली ठळक आहे, झुंबरे लखलखत आहेत, मागच्या आरशात गर्दी आहे. पण चित्राच्या मध्यभागी त्या स्त्रीचे थकलेले, हरवलेले डोळे आहेत. माने यांनी बाटली चित्रात ठेवली. शतकभराने कंपनीने चित्र बाटलीभोवती ठेवले आणि थकलेले डोळे तेवढे काढून टाकले. श्रम करणारा माणूस चौकटीत असतो की नसतो, यावरून चित्र आणि जाहिरात वेगळी ओळखता येते.

रेमंड विल्यम्स यांनी १९६० साली जाहिरातीला जादूची व्यवस्था म्हटले, ते याच अर्थाने. त्यांचा युक्तिवाद प्रचलित समजुतीच्या उलट जाणारा होता. आधुनिक समाज फार भौतिकवादी झाला आहे, ही तक्रार त्यांना मान्य नव्हती. समाज खराखुरा भौतिकवादी असता तर बिअर ही बिअर म्हणूनच त्याला पुरली असती. तिच्याबरोबर मर्दानगी, तारुण्य, शेजारधर्म यांची आश्वासने लागली नसती. ज्या गोष्टी माणसाला माणसांकडून मिळावयास हव्यात, त्या मिळत नाहीत म्हणूनच त्या वस्तूंच्या पोटात शोधल्या जातात. गिनेसच्या जाहिरातीतील सर्वांत हृद्य क्षण घोड्यांचा नाही. किनाऱ्यावर चार मित्र एकमेकांना मिठी मारतात, तो आहे. एकाकी माणसाला विकली जाते ती ही मिठी.

आता आपल्याकडे वळू. जाहिरातीला चित्र जोडण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या हाती आला. तेथील देवदेवतांची चित्रे घरोघर पोहोचली आणि त्याच घाटणीच्या लक्ष्मी-सरस्वतींनी पुढे साबण व औषधांच्या कॅलेंडरांना शोभा आणली. मद्याच्या बाबतीत मात्र येथील कायद्याची भूमिका निराळी. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यबंदीकडे वाटचाल करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि केबल दूरचित्रवाणीविषयक नियमांनी मद्याच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरातींना मनाई केली आहे.

जे ब्रिटनमध्ये अर्ध्या मनाईने घडले, ते येथे पूर्ण मनाईने अधिक ठसठशीत घडले. जाहिरातीतून बाटलीच नाहीशी झाली आणि स्वप्न तेवढे राहिले. सोड्याच्या, पिण्याच्या पाण्याच्या, संगीताच्या तबकड्यांच्या नावाखाली तीच नाममुद्रा, तेच रंग, तोच समुद्रकिनारा आणि तीच बेफिकीर तरुणाई दाखवली जाऊ लागली. २००८ साली क्रिकेटच्या नव्या स्पर्धेतील एका संघाला व्हिस्कीच्या नाममुद्रेवरून नाव मिळाले आणि शाळकरी मुले ते नाव छातीवर मिरवू लागली. लाटेतून निघणारे घोडे निदान अखेरीस पेल्यापर्यंत नेतात. येथे पेला दाखवण्याचीही गरज राहिली नाही. दरम्यान मालकीही हलली. १९९७ मध्ये गिनेस व ग्रँड मेट्रोपॉलिटन यांच्या विलीनीकरणातून निर्माण झालेल्या डिआजिओने २०१४ साली युनायटेड स्पिरिट्सवर ताबा मिळवला आणि २०२१ साली हाइनेकेनने युनायटेड ब्रुअरीजवर. स्वप्ने स्थानिक दिसतात. नफ्याचे प्रवाह दूर जातात.

या स्वप्नांच्या स्पर्धेमागे काय चालते, याचे दर्शन सप्टेंबर २०२१ मध्ये घडले. भारतीय स्पर्धा आयोगाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत बिअरचे भाव संगनमताने ठरवल्याबद्दल युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया व त्यांची संघटना यांना मिळून सुमारे ८७३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच संगनमतात सामील असलेल्या तिसऱ्या मोठ्या कंपनीने माहिती पुरवली म्हणून तिचा दंड माफ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये अपिली न्यायाधिकरणाने हा आदेश कायम ठेवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. कायद्याचा अंतिम निर्णय काहीही होवो, अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आयोगाचा आदेश पुरेसा बोलका आहे. पडद्यावर घोड्यांची शर्यत आणि पडद्यामागे एकच तबेला, असा हा प्रकार.

आणि समुद्राचे काय? जाहिरातीतला समुद्र अथांग असतो. पेल्यातली बिअर मात्र बव्हंशी गोडे पाणी असते आणि ते कोठून तरी आणावे लागते. महाराष्ट्रातील बिअरचे मोठे कारखाने औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत उभे राहिले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागत होते. त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मराठवाड्यातील मद्यउद्योगांच्या पाण्यात प्रथम निम्मी आणि मग साठ टक्के कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. शासनाला हे आपणहून सुचले नाही, कारण मद्यावरील उत्पादनशुल्क हा राज्याच्या तिजोरीचा एक मोठा आधार आहे. घटनेतील तत्त्व एकीकडे आणि अंदाजपत्रक दुसरीकडे, अशा ओढाताणीत शासन स्वतःच या स्वप्नाचे भागीदार झाले आहे. रेल्वेच्या टाक्यांखाली घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यांपुढे लाटांतून उसळणारे घोडे आणून पाहावेत. म्हणजे अतिवास्तव कशाला म्हणावे, याचा उलगडा होईल.

येथे मद्यपानाविरुद्ध कीर्तन करण्याचा हेतू नाही. दिवसभर राबलेल्या माणसाने एक पेला घ्यावा की नाही, हा त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. मॉरिस आणि क्रेन यांनाही मेजवानीचे वावडे नव्हते. प्रश्न विक्रीखर्चाचा आणि कल्पनाशक्तीच्या मालकीचा आहे. त्या दृष्टीने काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. मद्याच्या नाममुद्रेचा प्रसार करणारा खर्च, मग तो सोड्याच्या नावावर असो की क्रिकेटच्या, करआकारणीत वजावटीस पात्र ठरू नये. मनाई वस्तूच्या जाहिरातीला आहे की नाममुद्रेच्या, ही पळवाट बुजवून नाममुद्रेलाच मनाई लागू करावी. टंचाईच्या काळात मद्यउद्योगाच्या पाण्याचा क्रम न्यायालयाची वाट न पाहता नियमानेच शेवटचा असावा. आणि चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार यांना सार्वजनिक कामे मिळावीत: शाळांच्या भिंती, एसटीची स्थानके, रुग्णालये, ग्रंथालये त्यांच्यासाठी खुली व्हावीत. समाज ज्या कल्पनेला काम देत नाही, तिला बाजार काम देतो. मग बाजाराला दोष देऊन भागत नाही.

बाटलीचे एक वेगळे चित्रही या महाराष्ट्रात काढले गेले आहे आणि त्याची कोणत्याही महोत्सवात गणना होत नाही. गावातील वा वॉर्डातील दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून स्त्रिया मागणी करतात, तेव्हा नियमानुसार गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. एक उभी बाटली, एक आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. त्या चित्रात समुद्र नसतो, घोडे नसतात, संगीत नसते. कोणा कारकुनाने सांगितलेल्या आणि छापखान्याने छापलेल्या चार रेघा असतात. पण पेल्याची खरी किंमत जिने घरात मोजलेली असते, ती बाई त्या चार रेघांपुढे शिक्का हातात घेऊन उभी राहते आणि बाटलीचा अर्थ काय हे ती ठरवते.

एका पेनीच्या पत्रकावर पोरक्या मुलांसाठी चित्र काढणाऱ्या क्रेन यांना, आपल्या घोड्यांच्या त्या जगप्रसिद्ध जाहिरातीपेक्षा, ही मतपत्रिका अधिक ओळखीची वाटली असती.